मदत हवी आहे : फ्रेंच प्रेससाठी जाडसर कॉफी सांगलीत कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. भाचीने पुण्याहून फ्रेंच प्रेस (जाळीचा दांडा दाबून कॉफी गाळायचं भांडं) आणून दिलाय. ३० ग्रॅम पूड, ४५० मिली पाणी. उकळी आली की अर्धा मिनिट थांबून ओततो आणि ४ मिनिटांनी दांडा दाबतो. तरी कपाच्या तळाशी गाळ राहतोच, चवही कडवट. जवळच्या दुकानातली पूड फिल्टर कॉफीची, बारीक, वर चिकोरी घातलेली. ती जाळीतून आरपार जाते. प्रेसला जाड रव्यासारखी लागते. विश्रामबाग किंवा गणपती पेठेकडे कुणी बिया समोर जाडसर दळून देतं का? की हाताने फिरवायचा ग्राइंडरच घ्यावा? मिक्सरमध्ये निम्म्यांचं पीठ होतं, निम्म्या तशाच राहतात. घरात सगळे चहावाले, त्यांना विचारून काय उपयोग! आणि दूध घालणारे पूड किती वाढवता, तेही सांगा.