डिपस्टिकवर प्रोटीन ‘ट्रेस’, पण रेशो ४.८. कोणतं खरं मानायचं?

प्रश्न
वय ६२. पाठदुखीसाठी महिनाभर डायक्लोफिनॅक (वेदनाशामक) चालू. क्रिएटिनिन सहा आठवड्यांत १.१ वरून ३.९, हिमोग्लोबिन ८.६, कॅल्शियम ११.४. लघवीच्या पट्टीवर प्रोटीन जेमतेम ट्रेस, त्याच नमुन्याचा प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो मात्र ४.८. फेरतपासणीतही तेच आकडे. सोनोग्राफीत अडथळा नाही, पायांवर सूज नाही. कर्करोगामुळे होणारी मेम्ब्रेनस नेफ्रोपथी (किडनीच्या गाळणीचा आजार, ज्यात अल्ब्युमिन लघवीतून गळतं) धरून गाठ शोधायला लागावं का?

उत्तर १
दोन्ही खरं आहे. पट्टीला मुख्यतः अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) कळतं, रेशोत एकूण प्रोटीन मोजलं जातं. मधली तफावत म्हणजे अल्ब्युमिनखेरीज दुसरंच काही लघवीतून जातंय. ॲनिमिया, कॅल्शियम आणि पाठदुखी सोबत असताना पहिला संशय लाइट चेन्सचा (अँटिबॉडीचे छोटे तुकडे), म्हणजे मायलोमाचा (अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग). मेम्ब्रेनसमध्ये पट्टी ३+ किंवा ४+ येते, रक्तातलं अल्ब्युमिन घसरतं, सूज येते; क्रिएटिनिन सहसा इतकं झपाट्याने चढत नाही.

आजच सीरम फ्री लाइट चेन, सीरम इलेक्ट्रोफोरेसिस, इम्युनोफिक्सेशन (दोन्ही रक्तातलं असामान्य प्रोटीन शोधणाऱ्या चाचण्या) आणि लघवीचा अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो पाठवा. नुसत्या इलेक्ट्रोफोरेसिसवर विसंबू नका, लाइट चेन मायलोमात तिथे स्पाइक (असामान्य प्रोटीनचं टोक) दिसेलच असं नाही. कप्पा आणि लॅम्डा या लाइट चेनच्या दोन प्रकारांचा रेशो एरवी ०.२६ ते १.६५, किडनी मंदावली असेल तर ३.१ पर्यंत चालतो.

उत्तर २
रिपोर्टची वाट पाहत बसू नका, डायक्लोफिनॅक आत्ताच बंद. लाइट चेन्स डिस्टल नलिकेत युरोमोड्युलिनला (किडनीतच तयार होणारं प्रोटीन) चिकटतात आणि घट्ट कास्ट (साच्यासारखे गोळे) बनून नलिका तुंबवतात. शरीर कोरडं पडणं, वाढलेलं कॅल्शियम, वेदनाशामकं, कॉन्ट्रास्ट (स्कॅनसाठी शिरेतून देतात ते द्रव्य), यातल्या प्रत्येकाने हे तुंबणं वाढतं. हृदय झेपवत असेल तर शिरेतून सलाइन देऊन लघवी दिवसाला ३ लिटरच्या आसपास ठेवा. ‘लघवी वाढवायला’ म्हणून फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) नको, तेही कास्टला मदतच करतं. फुफ्फुसात पाणी साचायला लागलं तर गोष्ट वेगळी. कॅल्शियम उतरवायला झोलेड्रोनिक ॲसिडची पूर्ण मात्रा, किडनी अशी मंदावलेली असताना, सवयीने लिहू नका.

प्रश्नकर्ता
रिपोर्ट आले. कप्पा ४१०० मिग्रॅ प्रति लिटर, लॅम्डा १२. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो ०.३. आता किडनी बायोप्सी?

उत्तर ३
४.८ पैकी अल्ब्युमिन ०.३, म्हणजे सहा टक्के. बाधित चेन, इथे कप्पा, ५०० मिग्रॅच्या कितीतरी वर. हे चित्र कास्ट नेफ्रोपथीचं, म्हणजे कास्टने नलिका तुंबण्याचं आहे. बोन मॅरो (अस्थिमज्जेची) तपासणी लगेच करा. किडनी बायोप्सीसाठी उपचार अडवू नका. अल्ब्युमिनचा वाटा मोठा असता तर ॲमिलॉइड किंवा लाइट चेन डिपॉझिशनचा (दोन्हींत हे प्रोटीन किडनीच्या ऊतीत साचतं) विचार करावा लागला असता, आणि तिथे कॉंगो रेडसह (ॲमिलॉइड दाखवणारा रंग) बायोप्सीशिवाय गत्यंतर नाही.

उत्तर २
सहमत. रक्तविकारतज्ज्ञांना आजच फोन करा, पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट उपयोगाची नाही. डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) आणि बोर्टेझोमिब (मायलोमाचं औषध) जितक्या लवकर तितकं बरं. तीन आठवड्यांत फ्री लाइट चेन ६० टक्क्यांनी तरी खाली आली, तर किडनी सावरण्याची आशा बरीच वाढते. म्हणून पहिल्या महिन्यात ती दर आठवड्याला मोजा. बोर्टेझोमिबची मात्रा किडनीसाठी कमी करावी लागत नाही. नागीण टाळायला सोबत दिलेल्या असायक्लोव्हिरची (विषाणूरोधक औषध) मात्र कमी करावीच लागते, आणि नेमकं तेच गडबडीत राहून जातं.