मदत हवी आहे: थर्मोस्टॅट बंद, पंप बंद, तरी वरच्या मजल्याचं फ्लोअर गरम

नमस्कार मंडळी,

बॉस्टनजवळच्या उपनगरात राहतो. घराला फ्लोअर हीटिंग आहे, म्हणजे लाकडी फ्लोअरच्या खालून पेक्सचे (एक प्रकारच्या प्लास्टिकचे) पाइप आणि त्यातून फिरणारं गरम पाणी. तळघरात गॅसचा कंडेन्सिंग बॉयलर आणि तीन पंप: खालचा मजला, वरचा मजला आणि अंघोळीच्या पाण्याची टाकी. टाकीतलं पाणी आतल्या कॉइलने तापतं, ते हीटिंगच्या पाण्यात मिसळत नाही. फ्लोअरकडे जाणाऱ्या पाण्यात गार पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह नाही. हिवाळ्यात बाहेरच्या तापमानानुसार बॉयलरच पाणी कमी-जास्त तापवतो.

जून उजाडला, हीटिंग बंद केलं, आणि तरी बेडरूमचं फ्लोअर अनवाणी चालताना कोमट लागतंय. वर एसी चालू, खाली फ्लोअर गरम, दोन्हींची बिलं माझ्याच नावावर! थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या काढून पाहिल्या, वरच्या मजल्याच्या पंपाला हात लावून पाहिला; थरथर अजिबात नाही. तरी त्याचे पाइप गरम. सगळ्यांच्या अंघोळी उरकल्या की हमखास जास्त.

प्लंबर म्हणतो थर्मोस्टॅट बदला. पटत नाहीये. इथे कुणाला अनुभव आहे का?

प्रतिसाद १

थर्मोस्टॅट बदलून काही होणार नाही. पंप फिरतच नाहीये, मग त्याला हुकूम देणारा बदलून काय उपयोग?

मला हा थर्मोसायफन वाटतो, म्हणजे गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं. पुण्यात गच्चीवरचा सोलर बिनपंपाचा चालतो ना, तेच. 20 अंश सेल्सियसला एक घनमीटर पाणी 998 किलो भरतं, 80 अंशाला 972. बॉयलर तळघरात, फ्लोअर वरच्या मजल्यावर. एवढी उंची मिळाली की हा फरक पाणी आपोआप फिरवायला पुरतो. चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा आपला एनआरव्ही, अडकला असणार.

प्रतिसाद २

थर्मोसायफन असू शकेल, पण "अंघोळी उरकल्या की जास्त" हे वाचून मला शंका आहे. दादा, दोन गोष्टी तपासा.

एक, टाकी तापत असताना वरच्या मजल्याच्या जाणाऱ्या आणि परतीच्या दोन्ही पाइपांवर हात ठेवून उभे राहा. आधी कुठला तापतो? जाणारा तापला तर थर्मोसायफन. परतीचा आधी तापला तर पाणी उलटं फिरतंय. टाकीचा पंप बॉयलरमधून पाणी खेचतो तेव्हा त्या ओढीने पंपांच्या बाजूच्या हेडरमधला (सगळे पाइप जोडलेल्या मुख्य पाइपातला) दाब परतीच्या हेडरपेक्षा कमी होतो. मग टाकीतून परतणारं थोडं पाणी बंद असलेल्या झोनमध्ये, म्हणजे वरच्या मजल्याच्या पाइपांत, मागच्या दाराने शिरतं.

दोन, बॉयलर चांगला गरम असताना टाकीच्या पंपाची वीज काढा. तरीही वरचे पाइप तापत राहिले तर आधीच्या प्रतिसादातलं बरोबर.

आणि हे नुसतं बिलाचं प्रकरण नाही. टाकीसाठी बॉयलर बहुधा 180 अंश फॅरनहाइटपर्यंत जातो. पेक्सला ते चालतं, लाकडाला नाही. लाकडी फ्लोअरचा पृष्ठभाग 85 फॅरनहाइटच्या वर जाऊ नये असं धरतात.

वरच्या मजल्याचा पंप कधी बदललाय का?

धागाकर्ता

परतीचा! जाणारा पाइप गार होता तेव्हा परतीचा इतका तापला की हात ठेवता येईना. टाकीचा पंप बंद केल्यावर दोन्ही हळूहळू निवत गेले, बॉयलर गरम असूनही.

पंप गेल्या हिवाळ्यात बदलला होता. त्याचा काय संबंध?

प्रतिसाद २

मग बहुतेक सापडलं. अशा पंपांच्या तोंडाशी आतच एक छोटा स्प्रिंगचा चेक व्हॉल्व्ह असतो. काही मॉडेल्समध्ये तो खोक्यात सुटा येतो आणि बसवणाऱ्याने आत घालायचा असतो. तो खोक्यातच राहून जाणं नवीन नाही. पंपाच्या लेबलवर आयएफसी (आतच बसवलेल्या चेक व्हॉल्व्हची खूण) ही अक्षरं आहेत का बघा. असली तर तो पंप चेक व्हॉल्व्हसकट विकला जातो. अक्षरं असूनही उलटं पाणी येत असेल तर व्हॉल्व्ह घातलेला नाही किंवा त्यात कचरा अडकलाय. हिवाळ्यात तिन्ही पंप चालू-बंद होत असल्याने हे लक्षात आलं नसेल.

प्रतिसाद ३

तोवर वरच्या झोनचा बॉल व्हॉल्व्ह बंद करून ठेवा. फक्त त्या पंपाची वीजही काढा, नाहीतर कुणी चुकून थर्मोस्टॅट वाढवला तर पंप बंद पाइपवर जोर काढत बसेल.

धागाकर्ता

लेबल पाहिलं. आयएफसी नाहीये! जुना पंप तळघरातच एका बादलीत पडला होता, त्यावर आहे. म्हणजे चेक व्हॉल्व्ह असलेला काढून नसलेला बसवलाय.

बॉल व्हॉल्व्ह बंद केलाय, फ्लोअर गार आहे. आता एकच विचारायचंय. पंपाच्या दोन्ही बाजूंना बंद करायचे व्हॉल्व्ह आहेत. जुन्या पंपातला चेक व्हॉल्व्ह काढून नव्यात बसेल का, की पाइपवर वेगळा लावून घेऊ?

प्रतिसाद २

जुना वापरू नका, त्याचं रबर आणि स्प्रिंग किती थकलंय सांगता येत नाही. तुमच्या मॉडेलला सुटा मिळत असेल तर तो घ्या, नाहीतर पंपाच्या पुढे पाइपवर स्प्रिंगवाला लावा. बाणाची दिशा स्वतः बघा. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह असल्याने अख्खी सिस्टिम रिकामी करावी लागणार नाही. झाल्यावर त्या झोनमधली हवा मात्र काढून घ्यायला सांगा.