लव्हाळा, मोथा, नागरमोथा: एकच की वेगवेगळे?

पाणकाठ:
आमच्या गावच्या तलावावर माहितीफलक लागणार आहे. मजकूर इंग्रजीत आला, मराठी करायचं काम माझ्या गळ्यात. पक्षी झाले, मासे झाले, वनस्पतींपाशी अडले. 'सेज' म्हणजे सायपरेसी कुळातल्या वनस्पतींवर एक आख्खा परिच्छेद आहे: उथळ पाण्यात कोणत्या उभ्या असतात, काठच्या चिखलात कोणत्या, शेजारच्या भातखाचरांत कोणत्या. मी सगळीकडे 'लव्हाळे' लिहिलं. समितीत एक निवृत्त कृषी अधिकारी आहेत, त्यांनी लाल रेघ मारली. म्हणाले, लव्हाळा हे उसातलं तण आहे, तलावात कुठून येणार? 'पाणगवत' लिहा. पण ही झाडं गवत नाहीत हेच तर त्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य आहे! काय लिहू?

उसातला:
साहेब बरोबर बोलले. हरळी, कुंदा आणि लव्हाळा, शेतकऱ्याच्या मागे लागलेली ही तीन भुतं. लव्हाळा म्हणजे वीत-दीड वीत उंच, वर तपकिरी तुरा, खाली जमिनीत गाठींची माळ. खुरप्याने काढला की पात हातात येते, गाठ आत राहते. नांगर फिरवला तर माळ तुटून गाठी रानभर पसरतात, म्हणजे आपणच पेरणी केली. तलावातलं जे काय असेल ते असेल, त्याला आमच्याकडे कोणी लव्हाळा म्हणत नाही.

जुनी_वही:
मग 'महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळी वाचती' हे तुकोबांनी उसाच्या फडात बसून म्हटलं का? पूर नदीला येतो. लव्हाळा नदीकाठचाच. शब्द पूर्वापार पाणथळ जागेचा आहे, कृषी खात्याने तो तणाच्या यादीत घातला म्हणून काठावरून उठवायचा?

व्युत्पत्तीसुद्धा हेच सांगते. लवणे म्हणजे वाकणे. लवतो तो लव्हाळा.

पडवीत:
लवणे वरून 'लवाळा' होईल. मधला 'व्ह' कुठून आला? मला तर अंगावरची 'लव' जास्त पटते, कोवळ्या लव्हाळ्यांनी काठ असाच भरतो.

जुनी_वही:
'व्ह' बोलण्यात येतो. न्हाणी, म्हातारा, जिव्हाळा. ह-काराला मराठीत कारण लागत नाही.

उसातला:
पुराचं आम्हाला विचारा, आम्ही कृष्णाकाठचे. 2019 च्या ऑगस्टात ऊस शेंड्यापर्यंत बुडाला, पाणी हटेना, फड जागेवर कुजला. ओसरल्यावर गाळातून पहिलं हिरवं काय वर आलं? लव्हाळा. तो वाकला-बिकला काही नाही. पात सडली, खालची गाठ जिवंत राहिली. तुम्ही म्हणता तसा नम्रपणा नव्हे, बूड खोल असल्याचा फायदा.

जुनी_वही:
अभंगाच्या पुढच्याच चरणात लाटेपुढे नम्र होण्याची गोष्ट आहे. गाठीची नाही. वाकणारी, काठावरची, उंच वनस्पतीच हवी.

सड्यावरचा:
उंच हवी तर ते पाणकणीस असेल. तपकिरी मखमली कणसं येतात ते. आमच्याकडे काही जण त्यालाही लव्हाळी म्हणतात. पण पाणकणीस सायपरेसीतलं नव्हे, त्याचं कूळच वेगळं.

@पाणकाठ, फलकासाठी सोपी खूण देतो. दांडा चिमटीत धरून फिरवा. तीन धारा बोटाला लागल्या तर बहुधा तुमचं 'सेज'. गवताचा दांडा गोल, पेरांचा, पेरांच्या मधे बहुतेकदा पोकळ. यांचा भरीव, पेरं दिसत नाहीत, आणि पानं तीन दिशांना तीन रांगांत. फसवणारे प्रकारही आहेत: पाण्यात उभ्या काही जातींचे दांडे गोल असतात, पानं जवळपास नसतातच, नुसत्या हिरव्या काड्या. त्यांच्यावर ही परीक्षा चालत नाही.

आणि यांना फक्त पाणी लागतं हाही गैरसमज. पावसाळ्यात आमच्या सड्यावर, कातळावरच्या बोटभर मातीत यांचे ठेंगणे झुबके येतात आणि दिवाळीपर्यंत वाळून जातात. किनाऱ्यावर भरतीरेषेच्या वर वाळू धरून ठेवणारी जात वेगळी, खाडीच्या मचूळ पाण्यात तगणारी वेगळी. भात बेणताना ज्या निघतात त्या पुन्हा वेगळ्या: त्या बियांवर पसरतात, त्यांना उसातल्यासारखी गाठींची माळ नसते. आई सगळ्यांना लव्हाळीच म्हणते आणि सगळ्यांना सारख्याच शिव्या देते. कास पठारावर लोक गेंदाचे पांढरे गोंडे दाखवून 'हेही लव्हाळंच' म्हणतात, ते मात्र नव्हे.

काढेचाटण:
मोथा राहिला की! संस्कृतात मुस्ता. उसातला यांचा लव्हाळा आणि आमचा मोथा एकच, शास्त्रीय नाव सायपरस रोटुंडस. तुम्ही ज्या गाठींना शिव्या घालता त्या आम्ही काढ्यात घालतो. नागरमोथा म्हणून बाजारात येतो तो बऱ्याचदा दुसरा, सायपरस स्कॅरिओसस, जास्त सुगंधी, पाणथळ जागेतला. त्याचं तेल अत्तरवाले घेतात. दिवाळीच्या उटण्यात वाळा, आंबेहळद, कपूरकाचरी यांच्या जोडीला हाच.

अमरकोशात मुस्तेला 'मेघनामा' म्हटलंय. ढगाची जेवढी नावं तेवढी तिची: घन, अंबुद, जलद. आता सांगा, ढगाचं नाव कोरड्या रानातल्या तणाला कोण देईल?

पडवीत:
नागरमोथ्यातलं 'नागर' म्हणजे शहरी ना? शहरात विकायला येणारा मोथा?

काढेचाटण:
वैद्यकात नागर म्हणजे सुंठ. षडंगोदकात, म्हणजे तापात देतात त्या सहा औषधांच्या पाण्यात, मुस्ता आणि नागर हे दोन वेगळे घटक आहेत. पण 'सुंठमोथा' म्हणण्यात काही अर्थ नाही, तेव्हा तो नागर इथला नसावा.

उसातला:
आमच्याकडे नांगरमोथा म्हणतात. नांगराला लागून वर येतो म्हणून. संपला विषय.

जुनी_वही:
संपला कसला! ही तर सरळसरळ बनावट व्युत्पत्ती. हिंदीतही नागरमोथाच आहे, तिथे नांगराला हल म्हणतात.

उसातला:
बनावट असेल, पण आमच्या रानात खरी आहे.

पाणकाठ:
मंडळी, फलक...

काढेचाटण:
येतोच फलकाकडे. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात दुष्यंत शिकार थांबवतो, तेव्हा म्हणतो की आता रानडुकरांनी डबक्यात निर्धास्तपणे मुस्ता उकराव्यात. शब्द 'पल्वल' आहे, म्हणजे लहानसं साचलेलं पाणी. मुस्तेचं एक जुनं नावही 'क्रोडेष्टा', डुकराला आवडणारी. तेव्हा मोथा डबक्याकाठी येतो याला साक्षात कालिदासाचा दाखला. कृषी अधिकाऱ्यांना द्या पाठवून. आणि गटाला 'मुस्ताकुल' लिहा.

पडवीत:
मुस्ताकुल! तलावावर सहलीला आलेली पोरं वाचणार आणि विचारणार, हे कुठलं गुरुकुल? बोलीत 'लव्हाळी' असताना संस्कृतची खिरापत कशाला?

काढेचाटण:
बोलीतला शब्द पाणकणसालाही लागतो, हे वरच सिद्ध झालंय. नेमकेपणा हवा की नको?

सड्यावरचा:
नेमकेपणाच हवा तर 'सायपरेसी' लिहा आणि कंसात लव्हाळी. प्रश्न मिटला.

जुनी_वही:
मराठी फलकावर लॅटिन? मग भाषांतर करायला बसवलं कशाला त्या बाईंना?

घाटपांडी:
वसईच्या शाळेत शिकले, म्हणून आठवलं. मराठी बायबलात मोशेच्या आईने बाळाला लव्हाळ्याच्या पेटाऱ्यात ठेवलं, त्याला डांबर आणि राळ चोपडली. लहानपणी मला प्रश्न पडायचा, आमच्या विहिरीकडेच्या वीतभर लव्हाळ्याचा पेटारा होईल कसा?

सड्यावरचा:
तो पपायरस. नाईलकाठी पुरुष-दोन पुरुष उंच वाढतो, दांडा तीनधारी, आतला गर पांढरा. त्याचेच कागद, त्याच्याच होड्या. गंमत म्हणजे उसातला यांच्या तणाचा तो सख्खा भाऊबंद, दोघेही सायपरस. भाषांतरकाराने वनस्पतिशास्त्राचं पुस्तक उघडलं होतं की नाही देव जाणे, शब्द मात्र चपखल बसला. नर्सरीत 'अंब्रेला पाम' म्हणून कुंडी विकतात ना, तीही यांच्यातलीच. पाम वगैरे काही नाही.

हुगळीकाठ:
बंगालमध्ये राहते म्हणून लिहिते. इथे मेदिनीपूरकडे मादुर नावाच्या चटया होतात, त्या सायपरसच्याच काड्यांच्या. काडी उभी चिरून विणतात. 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तमिळनाडूत पत्तमडैची चटई तशीच, ताम्रपर्णीकाठच्या कोरैची. इतकी मऊ की घडी घालता येते. मराठीत लव्हाळ्याची चटई कोणी पाहिली आहे का? मला तरी शिंदीचीच आठवते.

पडवीत:
आसामकडची शीतलपाटी पण हीच ना? 'मुर्ता'पासून करतात. मुर्ता म्हणजे मुस्ताच!

हुगळीकाठ:
नाही हो. मुर्ता हळद-कर्दळीच्या बाजूची वनस्पती, रुंद पानांची. 'मु'ने सुरू होतं म्हणून नातं लावू नका.

पडवीत:
नांगरमोथा चालतो आणि माझंच नातं चालत नाही.

दूरदेशी:
स्पेनमध्ये आहे. इकडे व्हॅलेन्सियाच्या आसपास लव्हाळ्याच्या भावाची चक्क शेती करतात. त्याच्या गाठी गोडसर, चुफा म्हणतात. भिजवून, वाटून, गाळून दुधासारखं थंड पेय करतात, ओरचाता. उन्हाळ्यात लोक रांगा लावून पितात.

उसातला:
लव्हाळ्याची शेती! आमच्याकडून फुकट न्या म्हणावं. येऊन काढून न्यायचं फक्त.

काढेचाटण:
पाण्यातल्या एका जातीच्या गाठी आपल्याकडेही खातात. कसेरू. उत्तरेत थंडीत बाजारात येतात, सोलून कच्चे.

सड्यावरचा:
माणसंच नाहीत, भरतपूरला हिवाळी पाहुणे म्हणून येणारे सायबेरियन क्रौंचही उथळ पाण्यातल्या याच कुळाच्या गाठी चोचीने उकरून खायचे. 2002 नंतर तिथे ते दिसले नाहीत. @पाणकाठ, फलकावर पक्षी आणि वनस्पती वेगवेगळ्या चौकटींत टाकू नका. बदकं यांचं बी खातात, पाणकोंबडी यांच्यातच घरटं करते.

पाणकाठ:
हे घेते. पण नावाचं काय? तूर्तास मी असं लिहिलंय: 'लव्हाळवर्गीय वनस्पती'. समितीने विचारलं, 'वर्गीय' म्हणजे शाळेत जाणाऱ्या का?

जुनी_वही:
'लव्हाळे' लिहा आणि ठाम राहा. शब्द वापरला की रुळतो.

उसातला:
रुळेल, पण आमच्या गावचा माणूस तलावावर आला आणि लव्हाळ्याचं कौतुक वाचलं, तर फलकालाच खुरपं लावेल.

दूरदेशी:
उसातला, एक शंका. मल्चिंग पेपर अंथरला तर लव्हाळा दबतो का? घरामागच्या वाफ्यात फार झालाय.

उसातला:
नाही दबत. बाकीची तणं दबतात, याचा कोंब सुईसारखा, पेपर भोसकून वर येतो. आमच्याकडे मिरचीत चाळण झाली होती. बटाट्याच्या आरपार गेलेला कोंबही पाहिलाय. त्याला सावली सोसत नाही, तेवढा एकच इलाज. ऊस वाढून सऱ्या झाकल्या की मागे पडतो. वाफा असेल तर दाट पसरणारं काहीतरी लावा, रताळं वगैरे. आणि कुदळ मारू नका, गाठी तुटतील.

दूरदेशी:
रताळं इथे हिवाळ्यात टिकेल का?

काढेचाटण:
गाठी फेकू नका. धुऊन, सावलीत वाळवून ठेवा. उटण्याला कामी येतील.

पडवीत:
कच्च्या घालायच्या की भाजून? आजी भाजायची असं आठवतंय.

काढेचाटण:
भाजायच्या नाहीत, वास उडतो. वरचे केस जाळण्यापुरत्या तव्यावर फिरवत असतील.