चालू डेटाबेसचा बॅकअप कसा घेता? पहाटेचं संकलन अडतंय

किटलीवाला:
दूध संस्थांचं संकलन सॉफ्टवेअर सांभाळतो, डेटाबेस मायएसक्यूएल ८.०, डेटा ४० जीबीच्या आसपास. पहाटे ४ ला क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप काम सुरू करणारा) मायएसक्यूएलडंप, म्हणजे सगळा डेटा फायलीत उतरवणारा बॅकअप, सुटतो तो साडेसहापर्यंत चालतो आणि संकलन सुरू होतं साडेपाचला, मग काय, वजन झालं, फॅट लागली, पावतीच निघत नाही, माणूस रिकामी किटली घेऊन उभा आणि सचिवांचा फोन मला. रात्री १२ ला घ्यावा तर बिलिंग चालू असतं. सर्व्हर बंद न ठेवता कसं जमवता?

रात्रपाळी:
भावा, डंपला --सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय लावलायस का? नसेल तर डंप टेबलं लॉक करून बसतो, वाचता येतं पण लिहिता येत नाही, तुझी पावती तिथंच अडकतेय. ते लावलं की सुरुवातीच्या क्षणाचा स्नॅपशॉट (तेव्हा डेटा होता तसा) धरून वाचत जातो, एन्ट्र्या चालू राहतात. पण हे इनोडीबी प्रकारच्या टेबलांपुरतंच, जुन्या मायआयसॅम प्रकारची टेबलं असली तर त्यांचा मेळ बसेलच असं नाही. शो टेबल स्टेटस मारून बघ, प्रकार कळेल. आणि डंप चालू असताना अल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणं) चुकूनही नको.

जुना_डीबीए:
मी रेप्लिका (मेन सर्व्हरचे बदल लगेच उचलणारी दुसरी प्रत) उभी करून तिच्यावरनं डंप घेतो, मेन सर्व्हरला धक्का नाही. फक्त रेप्लिकालाच बॅकअप समजू नका, चुकीचा डिलीट तिकडेही सेकंदात पोचतो. ४० जीबी असेल तर एक्स्ट्राबॅकअपही बघा, फुकट आहे, डेटाबेसच्या फायलीच कॉपी करतो म्हणून रिस्टोअर (बॅकअप परत भरणं) डंपपेक्षा कितीतरी लवकर. बिनलॉगही (डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद) दुसऱ्या मशीनवर ठेवा, नाहीतर पहाटेनंतर जे भरलं ते गेलंच.

चहा_बिस्कीट:
रिस्टोअर करून बघितलाय का कधी? गिटलॅब या कोड ठेवायच्या साइटवाल्यांनी ३१ जानेवारी २०१७ ला चुकून मेन डेटाबेसची फोल्डर उडवली, बॅकअप बघायला गेले तर पीजी डंप (त्यांच्या पोस्टग्रेस डेटाबेसचा डंप) आवृत्तीच्या घोळामुळे फेल होत होता आणि कुणाला पत्ताच नाही. हाताने घेतलेला ६ तासांपूर्वीचा स्नॅपशॉट होता म्हणून निभावलं.

किटलीवाला:
दोन टेबलं मायआयसॅम निघाली, त्यातलं एक दरपत्रकाचं! काल दुपारी दोन संकलनांच्या मधे इनोडीबी करून घेतली, पर्याय लावला, आज साडेपाचला पावत्या धडाधड. रिस्टोअर जुन्या पीसीवर सकाळी ११ ला लावलाय, आता ४ वाजले, अजून चालूच आहे. @जुना_डीबीए दादा, एक्स्ट्राबॅकअपचं जरा सविस्तर लिहा ना.