मनातला डोंगर आणि खरा डोंगर: तुमचं कधी असं झालंय का?

गोदाकाठची:
काल लेकीच्या वहीत तेच चित्र दिसलं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी, वर चारच्या आकड्याचे पक्षी. चौथीत मीही हेच काढायचे. आणि आम्ही परभणीचे! डोंगर सोडा, टेकडी बघायलाही लांब जावं लागायचं. तरी स्वप्नात तोच यायचा, हिरवागार, आणि मी टोकावर पाय सोडून बसलेली. अकरावीत पहिल्यांदा रेल्वेने मुंबईला निघालो. पहाटे इगतपुरीच्या आसपास बाबांनी हलवून उठवलं, "बघ, सह्याद्री." खिडकीला नाक लावलं तर सगळ्यांची डोकी सपाट! विळीवर चिरल्यासारखी. मला चक्क रडू आलं. बाबा म्हणाले, "मग झोप." सांगा तुमचंही.

दगडधोंडे:
सपाट असणारच ताई. लाव्ह्याचे थर आहेत ते, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, घावनांच्या चवडीसारखे एकावर एक. कडा झिजून पायऱ्या होतात, माथा तसाच राहतो. टोकच हवं तर कळसूबाई बघा. १६४६ मीटर, लांबून बऱ्यापैकी तुमच्या चित्रातली.

खमंग फोडणी:
झाला भूगोलाचा तास सुरू. पण घावन वाचून भूक लागली.

मेहकरकर:
आमचं लोणार. लहानपणी वाटे उल्का अजून तळाशी आहे, गरम. स्वप्नात ती घूंऽ करायची. जून २०२०मध्ये पाणी गुलाबी झाल्याचा फोटो आला, मी म्हटलं कुणीतरी रंगवला. तिथल्या मावशीला फोन लावला तर म्हणे, "खरंच हाय बाप्पा!" पाणी आटून खारटपणा वाढला नि त्यातल्या सूक्ष्मजीवांनी रंग धरला, असं पुढे तपासणीत निघालं. असलं स्वप्न आपल्याला पडतंय होय!

तोक्योतली सून:
तो त्रिकोणी डोंगर इकडे आहे! फुजी. आगगाडीतून दिसला आणि मी डब्यात ओरडले, "अगं बाई, ड्रॉइंगच्या वहीतला!" सगळे जपानी गप्प, माझ्याकडे बघतायत. पुढे हौसेने चढले (३७७६ मी.). वर नुसती काळी-लाल खडी, एक पाऊल पुढे, अर्धं मागे. लांबूनच बघावा.

शाईचा डाग:
इंटरमिजिएटला कुणाकुणाला स्मरणचित्राने मारलं? आम्हाला "बसस्टॉप" आला होता. मी बसस्टॉपमागेही दोन डोंगर काढले. सी ग्रेड.

खमंग फोडणी:
मी पण सी!! मेणाचे खडू उन्हात वितळायचे आठवतं का, सगळे मिळून एकच चॉकलेटी.

भटकभवानी:
माझं उलटं. हरिश्चंद्रगडाला कोकणकड्यावर उभे होतो, पाठीशी ऊन, खाली ढग. ढगात अख्खं गोल इंद्रधनुष्य उमटलं, मधोमध माझीच सावली. इंद्रवज्र म्हणतात त्याला. मी हात हलवला, तिनेही हलवला. शेजारच्या मित्राला विचारलं तर त्याला मधोमध त्याचीच सावली दिसत होती. दोन-तीन मिनिटं, मग धुकं वर आलं. मोबाइल सॅकमध्ये.

रातकिडा:
सगळे दिसण्याचंच लिहिताय म्हणून. माझा धाकटा भाऊ जन्मापासून बघू शकत नाही. स्वप्नं त्यालाही पडतात, पण त्यात चित्र नसतं. आवाज, वास, कुणाचातरी हात. एकदा विचारलं, डोंगर कसा येतो रे स्वप्नात? म्हणाला, "पोटऱ्या दुखतात, मग एकदम वारा लागतो."

गोदाकाठची:
रातकिडा, हे वाचून दोन मिनिटं पोळी तव्यावर तशीच राहिली. करपली.

दगडधोंडे:
भावाला घेऊन या एकदा, सोपा गड बघू. वारा भरपूर.

रातकिडा:
नक्की. तो डबा मात्र जड घेतो.

गोदाकाठची:
आत्ता लेकीला म्हटलं, डोंगर खरा कसा असतो दाखवू का, सपाट डोक्याचा? म्हणते, "नको, बाई म्हणतील चित्र अर्धवट राहिलंय."