‘छोटा’ जलविद्युत प्रकल्प म्हणजे निरुपद्रवी? श्रीलंकेचे दाखले देणाऱ्यांना उत्तर

रानओढा:
परवा इथेच श्रीलंकेच्या सहलीवर एक लेख आला. त्यात एक वाक्य होतं: ‘बिनधरणाची वीज, विस्थापन नाही, धूर नाही, नदी जशीच्या तशी. त्यांना जमलं, कोकणाला का नाही?’ प्रतिसाद लिहायला बसलो, तो लांबला, म्हणून हा वेगळा धागा.

माझा आक्षेप ‘नदी जशीच्या तशी’ला आहे. श्रीलंकेतल्या सिंहराजाच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावात मी दोन पावसाळे काढलेत. बंधाऱ्यापाशी पाणी पाटात वळवतात, पाट डोंगराच्या अंगाने आडवा नेतात आणि टाकीत सोडतात. तिथून ते पेनस्टॉकमधून, म्हणजे उताराच्या जाड नळातून, खाली टर्बाइनवर येतं. पाणी नदीला परत मिळतं हे खरं, पण किलोमीटर-दीड किलोमीटर खाली. मधल्या पट्ट्यात काय उरतं ते कुणी जाऊन बघितलंय का? पाणी जितक्या उंचीवरून पडेल तितकी वीज, म्हणून जागा निवडतात तीच जिथे नदी उडी घेते तिथली. म्हणजे कोरडा पडतो तो नेमका धबधब्याचा पट्टा.

श्रीलंकेच्या गोड्या पाण्यातल्या मूळच्या माशांपैकी निम्म्याहून जास्त जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि त्यातल्या बऱ्याच या नैऋत्येकडच्या ओल्या पट्ट्यात आहेत. काही गोबी माशांची पिल्लं समुद्रातून परत येतात आणि खडकाला चिकटत ओढ्याने वर चढतात. आपल्याकडचे चढणीचे मासे ज्याने पाहिलेत त्याला कोरड्या खडकाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

पेनस्टॉक:
मी चौदा महिने रत्नपुरा भागात टर्बाइनच्या कामावर होतो, तेव्हा मलाही थोडं कळतं. शंभर मीटर उंची आणि सेकंदाला एक घनमीटर पाणी असेल तर साधारण आठशे किलोवॉट मिळतात, धूर न काढता. अशा छोट्या प्रकल्पांची क्षमता मिळून तिथे 400 मेगावॉटच्या आसपास आहे. हे नको म्हणता, मग काय हवं? नोरोच्चोलाईचा 900 मेगावॉटचा कोळशाचा प्रकल्प? की डिझेल? मार्च 2022 मध्ये डॉलर संपले, डिझेल येईना, धरणांतलं पाणी उतरलं आणि महिन्याच्या अखेरीस लोकांनी दिवसाला तेरा-तेरा तासांपर्यंत अंधारात काढले. माझ्या तिथल्या सहकाऱ्याच्या आईला घरी ऑक्सिजनचं यंत्र होतं. त्या माणसाला मी माशांची गोष्ट सांगू?

ताम्हिणीकर:
रानओढांशी शंभर टक्के सहमत. कितुलगलाला राफ्टिंगला गेलो होतो, तिथले सगळे गाइड ब्रॉडलँड्स जलविद्युत प्रकल्पाच्या नावाने बोटं मोडत होते. अख्ख्या गावाचं पोट केलानी नदीवर, आणि वर बांध घातला.

पेनस्टॉक:
ब्रॉडलँड्स 35 मेगावॉटचा आहे आणि सरकारी वीज मंडळाने बांधलेला आहे. इथे चर्चा 10 मेगावॉटच्या आतल्या खासगी प्रकल्पांची चाललीय. निदान एवढा फरक तरी करा.

ताम्हिणीकर:
फरक करायला चुकलो असेन. नदी गेली ती गेलीच ना?

मळेवाली:
मासे झाले, राफ्टिंग झालं. त्या डोंगरात राहणाऱ्या माणसांचं कुणी बोलणार आहे का?

समाजकार्याच्या अभ्यासासाठी मी हॅटनजवळच्या एका चहाच्या मळ्यात पाच महिने होते. जलविद्युत त्या डोंगरांना नवी नाही. तिथले इंजिनिअर विमलसुरेंद्र यांनी लक्षपान धबधब्याच्या पाण्यावर वीज करता येईल हे 1918 मध्येच मांडलं होतं, केंद्र सुरू व्हायला 1950 उजाडलं. मळेवाल्यांनी तर त्याआधीपासून ओढ्यावर टर्बाइनं बसवली होती, चहाचे कारखाने चालवायला. कारखान्यात दिवे आणि शंभर पावलांवरच्या लाइनीत, म्हणजे मजुरांच्या दहा बाय बाराच्या खोल्यांच्या रांगेत, चिमणी. मी ज्या घरी जेवायचे त्या आजींच्या घरी वीज आली तेव्हा त्यांचे केस पांढरे झाले होते. टर्बाइनचा आवाज मात्र त्या जन्मापासून ऐकत होत्या.

घाटमाथा:
ताई, वाईट वाटतं, पण हा प्रश्न मजुरीचा आहे, जलविद्युतचा नाही. विषयाला धरून बोलूया.

मळेवाली:
हाच विषय आहे! छोट्या प्रकल्पाचा करार मळ्याच्या कंपनीशी होतो, कारण जमीन तिच्या ताब्यात असते. लाइनीत राहणाऱ्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, मग त्याला विचारायचं कशाला? आणि जमीन का नाही? कारण 1948 च्या कायद्याने या भारतीय वंशाच्या तमिळ मजुरांना नागरिकच मानलं नाही. 1964 मध्ये शास्त्रीजी आणि तिथल्या पंतप्रधान सिरिमावोबाईंनी करार करून सव्वापाच लाख माणसं भारताच्या वाट्याला आणि तीन लाख सिलोनच्या वाट्याला घातली. राहिलेल्यांचं नंतर बघू म्हणाले. उरलेल्यांना सरसकट नागरिकत्व द्यायला 2003 उजाडलं. ‘विस्थापन नाही’ हे वाक्य अशा डोंगराबद्दल लिहिताना हात थरथरायला हवा होता.

घाटमाथा:
म्हणजे शास्त्रीजी दोषी? त्या काळची परिस्थिती बघा. लाखो माणसं बिनदेशाची पडली होती, कुणीतरी मार्ग काढायलाच हवा होता. आज घरात बसून बोलणं सोपं आहे.

मळेवाली:
मी घरात बसून बोलत नाहीये, त्यांच्या चुलीजवळ बसून ऐकलंय. एकाच आईची दोन मुलं, एक तमिळनाडूतल्या मंडपमच्या छावणीत पोचला आणि एक हॅटनला राहिला. तुम्ही ‘मार्ग’ म्हणता, त्या आजी ‘वाटणी’ म्हणतात.

घाटमाथा:
ठीक आहे. त्या आजींपुढे मी काही बोलू शकत नाही. तरी शास्त्रीजींवर बोट ठेवणं मला पटलेलं नाही आणि पटणार नाही.

गावदिवा:
दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरताय. खासगी कंपनीचा पाच मेगावॉटचा प्रकल्प वेगळा आणि गावाने श्रमदानाने पाट खणून उभा केलेला दहा-वीस किलोवॉटचा वेगळा. ग्रिड, म्हणजे सरकारी विजेचं जाळं, पोचलं नव्हतं तेव्हा श्रीलंकेतल्या दोनशेहून जास्त वाड्यांनी सोसायट्या काढून अशी वीज घरात आणली. घरटी दोन-तीन बल्ब आणि एक टीव्ही. पाणी किती घ्यायचं ते गावच ठरवायचं, कारण अंघोळ त्याच ओढ्यावर करायची असायची. पुढे ग्रिडचे खांब आले आणि बहुतेक टर्बाइनं गंजत पडली. मला राग याचा आहे. गावाने चालवलेलं बंद पडलं आणि कंपनीच्या प्रकल्पाला वीजखरेदीचा दीर्घ मुदतीचा करार मिळाला.

रानओढा:
गावदिवा, हे मान्य. गावच्या मालकीचा असेल तर माझा विरोध नाही, हे धागा काढतानाच लिहायला हवं होतं. मळेवाली ताई, लाइनीतल्या माणसांचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता, हेही खरं. पेनस्टॉक, तुमच्याकडून मात्र एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय. परवान्यात किमान पाणी सोडायची अट असते. कोरड्या महिन्यांत ती पाळली जाते का? होय किंवा नाही.

पेनस्टॉक:
तेरा तासांच्या अंधाराबद्दल बोललो त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही. कोळशापेक्षा हे बरं, आजही म्हणतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आमच्या साइटवर नाही. बंधाऱ्याच्या बुडाशी नदीसाठी एक पाइप ठेवलेला होता. फेब्रुवारीत पाणी उतरलं की त्याच्या तोंडाशी वाळूची पोती यायची. तोंडी सांगणं असायचं, कागदावर काही नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी पोती निघायची. मी कनिष्ठ होतो, पाहिलं आणि गप्प बसलो. खालच्या वाडीतली एक बाई धुण्याची बादली घेऊन पाटाच्या कडेने टाकीपर्यंत चढून यायची. आमचा पहारेकरी तिला हाकलायचा नाही, फक्त म्हणायचा, साहेब यायच्या आत आवर.