जावात पावत्यांची यादी छापली की @ आणि भलतेच आकडे यायलेत

मांजराकाठ, लातूर
आडतीच्या जावा प्रोग्रॅममध्ये ‘पावती’ नावाचा क्लास (माहितीचा साचा) केलाय. आत शेतकरी, माल, क्विंटल, भाव. यादी प्रिंट केली की सोयाबीन राहिलं बाजूला, नुसतं पावती@४५३७०८८५ असलं दिसायलंय. हा मेमरीतला पत्ता आहे का? टूस्ट्रिंग मेथड (ऑब्जेक्टचा, म्हंजे एकेका पावतीचा, मजकूर करून देणारी) लिहून बी फरक पडेना.

अंडरस्कोर_नांदेड
पत्ता नव्हे. ‘ऑब्जेक्ट’ या जावाच्या मूळ क्लासची टूस्ट्रिंग तुमच्या क्लासचं नाव, @ आणि हेक्समधला (सोळाच्या पायातला) हॅशकोड, म्हणजे ऑब्जेक्टसाठी काढलेला एक आकडा, एवढंच जोडून देते. मेथड लिहूनही हेच येत असेल तर नावातला एस बघा, तो कॅपिटल हवा. छोटा पडला तर कंपायलर तिला वेगळीच मेथड समजून गप बसतो. वर @ओव्हरराइड (मूळ मेथड बदलतोय अशी खूण) लिहा, मग नाव चुकलं तर जागेवर अडवतो. जावा १६ किंवा पुढचं असेल तर रेकॉर्डच (नुसती माहिती ठेवायचा सुटसुटीत क्लास) करा, टूस्ट्रिंग आयती मिळते. आणि यादीऐवजी ॲरे थेट छापला तर @ पुन्हा येणारच. तिथं ॲरेज क्लासची टूस्ट्रिंग वापरायची.

मांजराकाठ, लातूर
आता नावं दिसायलीत. पण एका पावतीवर भाव ४५०० च्या जागी ‘४.५ई+३’ आलाय. हे काहून?

तूरडाळ_उदगीर
बिगडेसिमलवर (नेमक्या दशांश आकड्यांचा जावातला प्रकार) स्ट्रिपट्रेलिंगझीरोज ही मेथड चालवलीय ना? शेवटची शून्यं काढल्यावर ४५ उरतात, स्केल (दशांश चिन्हानंतरच्या अंकांची संख्या) उणे २ होतो आणि टूस्ट्रिंग घातांकात लिहायला लागते. टूप्लेनस्ट्रिंग घ्या, ४५०० सरळ येतील.

पुढचा खड्डाही सांगतो. पावतीच्या टूस्ट्रिंगमध्ये शेतकरी आणि शेतकऱ्याच्या टूस्ट्रिंगमध्ये त्याच्या पावत्या घातल्या, की दोघं एकमेकांना हाका मारत बसतात आणि स्टॅकओव्हरफ्लो होतो, म्हणजे हाकांची जागा भरून प्रोग्रॅम कोसळतो. एका बाजूला फक्त आयडी छापा. लॉम्बॉक (असला कोड आपोआप तयार करणारी लायब्ररी) असेल तर त्या फील्डवर @टूस्ट्रिंग.एक्स्क्लूड. बँक खातं, आधार नंबरही तसेच वगळा, नाहीतर सगळं लॉग फाइलीत जाऊन पडतं.

अंडरस्कोर_नांदेड
बरोबर. आणि शेतकऱ्याच्या हातात द्यायची पावती टूस्ट्रिंगमधून काढूच नका. ती डीबगिंगपुरती, छपाईला वेगळी मेथड. उद्या कुणी लॉगसाठी एक फील्ड वाढवलं तर छापील पावती बिघडायला नको.

बाइट_परभणी
पायथॉनवाल्यांसाठी: तिथं ही वाटणी भाषेतच आहे. एसटीआर ही मेथड वाचणाऱ्यासाठी, रेपर ही प्रोग्रॅमरसाठी. फक्त एसटीआर लिहून लिस्ट प्रिंट केली तर कोनी कंसातलं जुनंच दिसतं, कारण लिस्ट आतल्या घटकांना रेपर मागते. एकच लिहायचं असेल तर रेपर लिहा; एसटीआर नसेल तर प्रिंट तीच वापरतं.